तेल वाढलं

आमच्या घरात त्या वर्षी काय बी वाढत न्हवतं, तरी सगळं वाढतच व्हतं. मीठ वाढलं, पीठ वाढलं, माठ वाढला, माझ्या हातातली बांगडी वाढली. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हणला असता, काय बाई ही बरकत! पर आमच्याकडं वाढलं म्हंजे एक तर संपलं, न्हाई तर फुटलं. संपलं, फुटलं, तुटलं, विझलं, गेलं, ह्यातला एक बी शब्द उंबऱ्याच्या आत काढायचा न्हाई, असा आत्याबाईंचा कायदा व्हता.

आत्याबाई म्हंजे माझी सासू, मनुबाई. आन् कायदा कशापायी, तर त्यांचा धाकटा ल्योक, म्हंजे आमचं ह्ये, किष्णात, लढाईवर व्हतं. आधी मिसरात, मंग इटली म्हणून कुठला मुलूख हाय म्हणं, तिथं. आता थोडीबहुत ही चाल सगळ्याच घरात असती. कुकू संपलं असं कोण म्हणतंय? वाण्याला बी दुकान बंद करायचं असलं तर तो वाढवतोच. पर आत्याबाईंनी हद्द केली व्हती. बैलाची येसण वाढली. कोंबडीच्या पायाखाली अंडं वाढलं. मी एकदा चुलीपाशी बसून "इस्तू इझला वाटतं" म्हणलं, तर दोन दिस माझ्याशी बोलल्या न्हाईत.

बरं, मी कशी, तर तोंडाची फाटकी. माहेरी माझ्या आईनं मला कवा बोलण्यात अडवलं न्हाई. आन् हितं मला शिव्या द्यायची बी चोरी! 'मुडद्या' म्हणायचं न्हाई, 'मसणात जा' म्हणायचं न्हाई, 'मेल्या' तर न्हाईच न्हाई. मंग माणसानं रागवायचं तरी कसं, सांगा. लय कोंडलं की मी विहिरीवर जायची, वाकून आत तोंड घालायची आन् काय द्यायच्या त्या शिव्या पाण्याला द्यायची. विहीर बिचारी तेवढ्याच मला परत द्यायची.

त्या विहिरीच्या मागं, मलकापूरच्या शिवारात, आमची मोसंबीची बाग व्हती. ह्यांनी पलटणीत जायच्या आधी रोपं आणून लावली आन् निघून गेलं. लावणारा एक दिस राबला, आन् जगवणारी मी. मोट बंद असली की घागरीनं पाणी घातलंय मी त्या झाडांना. उन्हाळ्यात बुडाशी पाला अंथरलाय, शेरडं हाकललीत, वाळवी लागली तर बोटानं उकरून काढलीय. माझ्या पोटी पोर न्हवतं. ती झाडंच माझी व्हती, आन् हे मी लाजून सांगत न्हाई.

झाडं डोक्याइतकी झाली, पहिली फळं धरायच्या बेताला आली, आन् फांद्यांवर खपल्या दिसाय लागल्या. तांबूस, बारीक, तिळाएवढ्या. नखानं खरवडली तर खालनं पिवळा रस यायचा. म्हंजे खपली कसली, किडाच त्यो, पाठीवर ढाल घेऊन बसलेला. पानं चिकट झाली, वर काजळी धरली, मुंग्यांची रांग लागली. बघता बघता सगळ्या ओळींत पसरलं.

थोरलं दीर आप्पासो भावजी येऊन बघून गेलं. माणूस वाईट न्हाई, पर ऊस दिसला की त्यास्नी दुसरं काय दिसायचं न्हाई. लढाईत गुळाला गिऱ्हाईक लय झालं व्हतं. बांधावर उभं राहून म्हणालं, "हरणा, ही काळी झाडं ठिवून काय पुजा करायची हाय व्हय? माघात, सुरूच्या लागणीला, हितं ऊस घालू."

"भावजी, औषध मिळालं तर?"

"मिळालं तर बघू. न मिळालं तर कुऱ्हाड हायच."

तवापासनं माझ्या डोळ्यापुढं दुसरं काय न्हवतं. बाग ऱ्हाती का जाती, एवढंच.

औषध आणलं लालासाहेबांनी. हे साताऱ्याच्या शेतकी खात्यातलं. सायकलीवरनं गावोगाव फिरायचं, डोक्यावर टोपी, पायात मोजं, आन् बोलणं असं गोड की म्हातारी माणसं बी ऐकत बसायची. त्यांनी एक पान तोडून भिंगातनं मला किडा दाखवला आन् म्हणालं, "बाई, ह्याच्या पाठीवर ढाल आहे. साधं औषध आत शिरत नाही. ह्याला गुदमरवायचा. तेलाचा पातळ पापुद्रा बसला की ह्याचा श्वास बंद."

"गोडंतेल?"

"नाही हो, रॉकेल. पण नुसतं नव्हे. नुसतं घातलंत तर किडा मरेल आणि झाड पण."

त्यांनी आमच्या अंगणात सगळं करून दाखवलं. कापडाच्या साबणाचा किस केला, पाण्यात उकळून इरघळवला, आन् भांडं चुलीवरनं उतरवून पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. "रॉकेल विस्तवापाशी ओतायचं नाही, नाहीतर घरासकट जाल," म्हणालं. आत्याबाईंनी 'जाल' शब्दाला कानावर हात ठिवलं. मंग साबणाच्या गरम पाण्यात राकेलाची बारीक धार धरली आन् रवीनं घुसळाय लावलं. घुसळून घुसळून हात भरून आलं, तवा त्याची दुधावरच्या सायीसारखी घट्ट पांढरी मलई झाली. तेल कुठलं आन् पाणी कुठलं, काय कळंना. ही मलई डब्यात ठिवायची, फवारायच्या दिवशीच नदीचं पाणी घालून पातळ करायची. उन्हात न्हाई फवारायचं, झाड तान्हेलं असलं तर न्हाई फवारायचं, वाऱ्याच्या तोंडाला उभं ऱ्हायचं न्हाई.

"आणि सगळ्यात मोठं सांगतो," लालासाहेब म्हणालं, "डबा उघडला आणि वर तेलाचा तवंग दिसला, तर समजायचं तेल फुटलं. फुटलेलं तेल झाडाला..."

"वाढलं म्हणा!" आत्याबाई ओरडल्या.

लालासाहेब दचकलं. "काय?"

"आमचा ल्योक लढाईवर हाय. हितं फुटलं म्हणत न्हाईत. वाढलं म्हणा."

शहाणा माणूस. हसला, हात जोडलं आन् म्हणाला, "बरं आई. तेल वाढलं, तर ते झाडाला लावायचं नाही. पुन्हा घुसळून बघायचं, नाही जमलं तर खड्ड्यात ओतायचं." आत्याबाईंचं समाधान झालं. मला बी त्या येळी गंमतच वाटली. पुढचं कुणाला दिसतंय?

राकेल गोळा करायचं म्हंजे दिव्य व्हतं. कारडावर मिळायचं ते एवढंसं, आन् त्यातलं बी रांगेत उभं ऱ्हाऊन. मंग आम्ही दोघी सासू-सुना दिस बुडायच्या आत जेवून घ्यायचो आन् अंधारात बसायचो. आत्याबाईंनी एक दिस बी कुरकुर केली न्हाई, हे बी सांगाय पायजे. "किष्णातची झाडं हायत," एवढंच म्हणायच्या. असं महिनं-महिनं अंधारात बसून साठवलेलं राकेल आम्ही घुसळलं. घुसळाय सिद्धू व्हता.

सिद्धू आटपाडीकडचा मेंढका. त्याचं मेंढरू दर साली खतापायी आमच्या रानात बसायला यायचं. त्या वर्षी भाऊ मेंढरं घेऊन पुढं गेला आन् सिद्धू पाय मुरगळला म्हणून आमच्याकडंच ऱ्हायला, गड्यासारखा. बोलणं कमी, काम बैलासारखं. लालासाहेब आलं तवा मेंढरं अजून पुढं गेली न्हवती, त्यो रानात त्यांच्यामागं व्हता, म्हणून त्यानं त्यांचं बोलणं ऐकलं न्हाई. त्याला मी सांगितलं व्हतं सगळं, पर माझं सांगणं म्हंजे धावत्या गाडीतनं सांगणं.

डब्याला मी चुन्यानं मोठी फुली मारली, कुणी चुकून आमटीत घालाय नगं म्हणून. झाकण घट्ट लावलं. गोठ्याच्या पत्र्याखाली, चुलीपासनं लांब ठिवला. चुलीपासनं लांब ठिवला खरा, पर पत्रा दिवसा तापायचा आन् रातीला गार पडायचा, हे माझ्या टाळक्यात आलं न्हाई. फवाऱ्याचा पंप खात्याचा, चार गावांत फिरायचा. आमची पाळी यायला लय दिस गेलं. डबा तसाच तापत-गारठत बसला.

पंप आला त्या दिवशी मी कराडला गेले व्हते, साबण आणायला. मागं काय झालं ते दोघांच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

सकाळी आत्याबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. वर बोटभर तेल तरंगत व्हतं, खाली पांढरं पाणी. त्यांना कळलं. बाईला अक्कल व्हती, लालासाहेबांचा शब्द न् शब्द त्यांच्या ध्यानात व्हता. सिद्धू पंप खांद्याला घेऊन आला तवा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सिद्धू, तेल वाढलंय रं."

सिद्धूनं आत डोकावून बघितलं आन् त्याचं तोंड फुललं. "बरं झालं की आज्जी!"

आत्याबाईंना वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. "काय बरं झालं? अंधारात बसून आमचं डोळं गेलं... डोळं शिणलं, आन् तू बरं झालं म्हणतोस?" असं म्हणून त्या रागारागानं जनावरांना पाणी दाखवाय गेल्या. त्यांच्या लेखी सांगून झालं व्हतं.

आन् सिद्धूच्या लेखी? मी त्याला मागनं इचारलं, "अरं, तुझ्या मुलखात बांगडी वाढत न्हाई का? कुकू वाढत न्हाई का?" तर म्हणला, "वाढतं की वैनी. पर तेल कवा वाढतंय? आन् वाढल्यालं तर डोळ्याला दिसत व्हतं!"

त्याचं बी बघा. जलम मेंढरात गेलेला गडी. रवीची दोरी त्यानं स्वतः ओढलेली. घुसळल्यावर काय हुतं? लोणी वर येतं. वरचं ते लोणी, खालचं ते ताक. वरचं काढून घ्यायचं आन् खालचं कालवडीला पाजायचं. त्यानं तसंच केलं. वाटीनं वरचं तेल अलगद काढलं, एक थेंब सांडू दिला न्हाई, जरा पाणी घालून पंपात भरलं आन् खालचं साबणाचं पाणी उकिरड्यावर ओतून दिलं. आन् मंग बागेच्या दोन ओळी, पानाची वरची बाजू, खालची बाजू, फांदी, खोड, असं काय न सोडता न्हाऊ घातल्या. डोक्यावर ऊन आलं तरी थांबला न्हाई. इमानानं केलं सगळं. त्या इमानाचाच मला राग येत व्हता.

मी दुपारी कराडवरनं परतले तर बांधावरच वास आला. मी साबण तिथंच टाकला आन् पळत सुटले. दोन्ही ओळी तेलानं चमकत व्हत्या. पानं हिरवीच व्हती अजून, पर उकडलेल्या भाजीगत माना टाकलेली. सिद्धू झाडाखाली बसून तोंड पुसत व्हता. मला बघून हसला. "वैनी, झ्याक बसलंय का न्हाई?"

मी विहिरीतनं घागरी ओढाय लागले, झाडं धुवाय लागले. सिद्धूला वाटलं मी येडी झाले. मी रडत रडत सांगितलं तवा त्याचं तोंड पांढरं पडलं, आन् त्यो बी घागर घेऊन धावला. दिस बुडस्तवर आम्ही दोघांनी पाणी मारलं. आत्याबाई आल्या, बघितलं, खाली बसल्या.

पाच-सहा दिवसांत पानं करपली आन् गळाली. दोन ओळी नुसत्या काटक्या. त्या दिवशी मी विहिरीत वाकून सिद्धूला, पत्र्याला, लढाईला, इंग्रजाला आन् हिटलरला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. वर तोंड काढलं तर मागं आत्याबाई उभ्या. सगळं ऐकलं व्हतं त्यांनी. मी म्हणलं, आता संपलं आपलं. पर त्या एवढंच म्हणाल्या, "माझं नाव न्हाई घेतलंस."

"तुमचं कशाला घिऊ?"

"मी नीट बोलले असते तर झाडं..." आन् पुढचा शब्द त्यांना सापडंना. सगळं शब्द त्यांनीच बंद केलेलं. तशाच माघारी फिरल्या.

मला लय वाईट वाटलं. राग व्हता, न्हाई कसा, पर त्या पाठमोऱ्या बाईकडं बघून त्यो बाहेर निघंना.

आप्पासो भावजी आलं ते कुऱ्हाड घेऊनच, संगं दोन गडी. "आता तरी पटलं का? चला रं, ह्या दोन ओळीपासनं तोडाय घ्या."

आत्याबाई झाडाच्या आन् त्यांच्या मधी उभ्या ऱ्हायल्या. "काय म्हणलास?"

"तोडाय घ्या म्हणलं."

"त्यो तिकडं गोळ्यांत उभा हाय, आन् तू त्याच्या हातच्या झाडाला 'तोडा' म्हणतोस? जीभ कशी वळली तुझी, आप्पा?"

भावजींची कुऱ्हाड खाली आली. त्यांचा बी भाऊच की त्यो. मंग म्हणालं, "आये, मी काय त्याच्यावर उठलोय का? पर वाळल्या काटक्या ठिवून रान अडवायचं का? माघी पुनवंला बघतो. ह्या काटक्या हिरव्या झाल्या आन् ऱ्हायलेल्या ओळी चांगल्या ऱ्हायल्या, तर बाग ठिवू. न्हाई तर मी कुणाचं ऐकणार न्हाई. तुझं बी न्हाई."

लालासाहेबांना निरोप धाडला. ते आलं, काटक्यांची साल नखानं खरवडली, आन् आतला हिरवा पापुद्रा मला दाखवला. "जीव आहे. पाणी द्या, शेणखत द्या, वाट बघा. तेल आता ह्यांना नको." मंग ऱ्हायलेल्या ओळींकडं बोट केलं. "पण तिथं किडा तसाच आहे. नवी पानं आली की तो इकडं चालत येईल. त्या ओळींना एकदा तरी नीट फवारा बसलाच पाहिजे."

म्हंजे पुन्यांदा राकेल, पुन्यांदा अंधार. दिवाळीच्या पणत्या करंजाच्या तेलावर झाल्या. सिद्धूनं कुणी न सांगता बिडी सोडली, का तर काडेपेटी आन् राकेल एका गोठ्यात नगं. मी म्हणलं, "अरं, गोठ्याबाहेर वढ की." तर म्हणला, "नगं वैनी, आता मला भ्या वाटतंय." आत्याबाई त्याच्याशी बोलायच्या, पर निम्मं बोलून थांबायच्या. शब्द काढायच्या आधी त्याच्याकडं बघायच्या, ह्याला कळंल का म्हणून. मला ते बघवत न्हवतं.

माघ लागला. एक दिस सकाळी मी बागेत गेले. काटक्यांच्या पेरापेराला हिरवं टोक आलेलं. मोहरीएवढं. मला वाटलं डोळं फसवत्यात. दुसऱ्या झाडावर बघितलं, तिसऱ्या झाडावर बघितलं. सगळीकडं! मी पदर खोचला आन् घराकडं पळत सुटले, लांबनंच आरडत, "फुटलं! आत्याबाई, फुटलं ओ!"

आत्याबाई भाकरी थापत व्हत्या. मी दारात पोचले तर त्यांचं हात पिठात तसंच थांबलेलं, आन् तोंडावर रगताचा थेंब न्हाई. तवा मला कळलं मी काय केलं ते. डाकवाला आला, तार आली, असं त्यांना वाटलं व्हतं.

"न्हाई ओ! झाडं! झाडं फुटली! पालवी फुटली!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् पिठाच्या हातानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तिथं पंजा उठला. मंग मला धरून रडल्या. मी बी रडले. तव्यावरची भाकरी करपून गेली आन् ती तशीच करपू दिली आम्ही.

बागेत आल्यावर त्यांनी त्या हिरव्या टोकाला बोट लावलं. लय येळ बघत ऱ्हायल्या. "ह्याला काय म्हणायचं गं मंग?"

"फुटलंच म्हणायचं. पालवी वाढली म्हणलं तर दुसरंच व्हईल."

"व्हय की," त्या म्हणाल्या. मंग आपल्याच नादात बोलल्या, "किष्णात झाला तवा मला दोन दिस दूधच न्हवतं. तिसऱ्या दिशी पान्हा फुटला. सुईण कशी वरडली व्हती, फुटला, फुटला म्हणून! साऱ्या आळीला सांगून आली. तवा कुणाला वंगाळ वाटलं न्हवतं." एवढं बोलल्या आन् घराकडं गेल्या. घरी मात्र तांब्या हातातनं पडला तर 'वाढला'च म्हणाल्या. सवय अशी एका सकाळी सुटती व्हय?

पुनवंच्या आदल्या दिशी फवारणी ठरली. मलई आम्ही आदल्या सांजंलाच ताजी घुसळली, रातभर वलं पोतं गुंडाळून सावलीत ठिवली. सकाळी झाकण काढलं तर पांढरीफेक, एकजीव. आत्याबाईंनी बोटानं ढवळून बघितली. सिद्धूनं बघितली. मी बघितली. झाडांना पाणी आदल्या दिशीच दिलं व्हतं. तोंडाला फडकी बांधली.

आप्पासो भावजी बी येऊन बांधावर बसलं व्हतं, पुनवंच्या एक दिस आधीच बघायला. पालवी त्यांनी बोटानं चाचपून बघितली. ऱ्हायलेल्या ओळींकडं नजर व्हती त्यांची.

मी नदीच्या पाण्याला घागर घेऊन निघाले. सिद्धूला वाटलं, वैनीच्या किती खेपा व्हणार, म्हणून त्यानं भावजींच्या नव्या विहिरीचं दोन बादल्या पाणी ओढून आणलं. चांगल्याच मनानं आणलं. पर आमच्या शिवारातल्या विहिरींचं पाणी जड. त्यात डाळ शिजत न्हाई, साबणाला फेस येत न्हाई, साबण नासून गाठी हुत्यात, हे आम्हा बायकांना ठावं. गड्याला कुठनं असणार? त्यानं मलई त्या पाण्यात कालवली, पंप भरला आन् खांद्याला मारून ओळीच्या पार त्या टोकाला चालत गेला. बादलीत उरलेलं तसंच ऱ्हायलं. बादलीपाशी आत्याबाई बसल्या व्हत्या.

मी नदीवरनं येत व्हते. लांबनं मला दिसलं, आत्याबाई बादलीवर वाकल्या आन् ताडकन उभ्या ऱ्हायल्या. पाण्यावर दह्यासारख्या गाठी आन् तेलाचं डोळं तरंगत व्हतं, हे मला मागनं कळलं. सिद्धू त्या टोकाला, पाठमोरा. पंपाचा दांडा हाणायला हात उचललेला. पुढं झाडं, पानांनी भरलेली, आमची तेवढीच धड ऱ्हायलेली. वारा उलटा. नीट दोन वाक्यं सांगायला सवड न्हवती. एकच शब्द पोचणार व्हता, आन् त्यो सिद्धूला कळणारा पायजे व्हता.

मी बघितलं, त्यांनी एकदा वर आभाळाकडं बघितलं. मंग दोन्ही हात तोंडाभवती धरलं.

"सिद्धूऽऽ! तेल फुटलंऽऽ! फुटलंय तेल! हात लावू नगंऽऽ!"

साऱ्या शिवारात गेला त्यो आवाज. सिद्धूचा हात वरच्या वर थांबला. त्यानं पंप खांद्यावरनं उतरवला आन् झाडापासनं चार पावलं मागं सरला.

मी घागर घेऊन पोचले तर आत्याबाई खाली बसलेल्या, पदर तोंडात कोंबलेला. ल्योक अजून तिकडंच व्हता की. लढाई सरली न्हवती. मी त्यांच्यापाशी बसले, पाठीवरनं हात फिरवला. "काय हुत न्हाई ओ आत्याबाई. बोलल्यानं काय हुत न्हाई."

"हुतं का न्हाई हुत, ते तुला बी ठावं न्हाई आन् मला बी न्हाई." त्यांनी तोंडातनं पदर काढला. "पर त्यो तिकडं हाय, हरणा. तिथं माझा हात पोचत न्हाई. झाडं हितं हायत. हितलं मला राखता येतंय."

मी त्यांचा हात हातात धरून बसले.

सिद्धू खालमानेनं आला. आत्याबाईंनी त्याला ते पाणी झाडांपासनं लांब खड्ड्यात ओताय लावलं, पंप साबणानं धुवाय लावला. डब्यात अजून निम्मी मलई शिल्लक व्हती. नदीचं पाणी मिळालं तर ऱ्हायलेल्या ओळींना पुरणार व्हती, पर ऊन चढायच्या आत व्हायला पायजे व्हतं. माझ्या एकटीच्या घागरीनं काय भागणार?

बांधावरनं आप्पासो भावजी उठलं. धोतर वर खोचलं, सिद्धूच्या हातातल्या दोन्ही बादल्या काढून घेतल्या आन् नदीची वाट धरली. चार पावलं गेल्यावर मागं बघून म्हणालं, "अगं हरणा, बसतीस काय? उचल की घागर. ऊन यायला लागलं."